अकरा दिवस बाबा बोलले का नाहीत

ताई,

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात. बाबा ६८ वर्षांचे. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. यंदा कापसाचा चुकारा खात्यात जमा झाला आणि आठवडाभरातच गावातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पीएम किसान यादी’ नावाची फाइल आली. बाबांनी ती उघडली, स्क्रीनवर जिथे जिथे परवानगी मागितली तिथे तिथे दाबत गेले, आधार नंबर आणि खाते नंबर भरला. ओटीपी कोणालाच सांगितला नाही, असं ते शपथेवर म्हणतात. त्या रात्री तीन वेळा मिळून ९६ हजार रुपये गेले. बाबांनी अकरा दिवस घरात कोणाला कळू दिलं नाही. कृषी केंद्राची उधारी फेडायची वेळ आली तेव्हा उघड झालं. भाऊ त्याच दिवशी बँकेत गेला आणि अर्ज दिला. ‘तुम्हीच क्लिक केलं, आता काही होत नाही,’ असं तिथे ऐकावं लागलं. ठाण्यात म्हणाले, यवतमाळला सायबरला जा. घरी आल्यावर भाऊ बाबांना नको नको ते बोलला, त्यांचा स्मार्टफोन काढून घेतला आणि साधा बटणांचा फोन हातात दिला. आता बाबा पारावर जात नाहीत, चहाला जात नाहीत. आई म्हणते, गोठ्यातच बसून राहतात. पैसे परत मिळतील का? पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू? भावानं फोन काढून घेतला ते बरोबर झालं का? आणि आई लाडक्या बहिणीचे पैसे गावातल्या अंगठ्याच्या मशीनवर काढते, त्याचीही आता धास्ती वाटते.

— एक लेक

प्रिय लेकी,

आधी या आठवड्यात करायची कामं सांगते, कारण ती थांबू शकत नाहीत. बाबांविषयी त्यानंतर बोलू. तुझ्या पत्रातला तो गोठा वाचल्यापासून मला पैशांपेक्षा त्यांचीच काळजी जास्त लागली आहे.

आजच १९३० वर फोन कर. सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवण्यासाठी गृह मंत्रालयानं ठेवलेला हा देशभराचा क्रमांक आहे. फोन लावण्याआधी बाबांच्या पासबुकात एन्ट्री मारून घे, कारण तिन्ही व्यवहारांची तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक तिकडून विचारतात. तक्रार नोंदली की एक क्रमांक मिळतो, तो पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. हीच तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते.

हा क्रमांक नेमकं काय करतो ते समजून घे, म्हणजे घाईचं महत्त्व कळेल. चोरलेला पैसा एका खात्यात बसून राहत नाही. तासाभरात तो दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या खात्यात फिरतो आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून रोख निघतो. १९३० वर तक्रार आली की ज्या ज्या बँकांतून तो पैसा गेला त्यांना कळवलं जातं, आणि जिथे जेवढा उरला असेल तेवढा होल्ड केला जातो. म्हणून पहिला तास सोन्याचा. अकरा दिवसांनी हाती काही लागण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली आहे, हे मी तुला खोटा धीर देऊन लपवणार नाही. तरी नोंदव. एखाद्या खात्यात पाच-दहा हजार अडकून पडलेले असतात, आणि तक्रार नसेल तर ते तुमचे आहेत हे सांगणारं कोणी नसतं. होल्ड झालेली रक्कम पोलिसांमार्फत न्यायालयात अर्ज करून परत मिळवता येते. वेळ लागतो, पण मिळते.

आता बँक. मी एकतीस वर्षं ग्रामीण शाखांच्या काउंटरमागे काढली, त्यामुळे ‘तुम्हीच क्लिक केलं’ हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. गर्दीच्या वेळी माणसाला वाटेला लावायला ते सोपं पडतं. पण ते बँकेचं लेखी उत्तर नव्हे. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या ऑनलाइन व्यवहारांत कोणाची जबाबदारी किती, हे लिहून दिलेलं आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कोणीतरी घुसून पैसे काढले, अशा वेळी तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत तोटा ग्राहकाचा. सातच्या पुढे बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. ग्राहकानं स्वतः पिन किंवा ओटीपी देऊन टाकला असेल, तर कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं.

यात तुझ्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, हे दिवस कामाचे मोजायचे, तेही तुमच्या शाखेच्या कामाचे, आणि बँकेचा मेसेज आला तो दिवस सोडून. अकरा दिवसांत दोन रविवार, दुसरा शनिवार आणि एखादी सणाची सुट्टी येत असेल तर कामाचे दिवस सातच भरतात. दिनदर्शिका समोर घेऊन मोज. भावानं अर्ज दिला ती तारीख त्यासाठी महत्त्वाची आहे. अर्जाची पोच घेतली नसेल तर आता नव्यानं दोन प्रतींत दे, मागच्या अर्जाचा उल्लेख कर आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय शाखेबाहेर पडू नको. दुसरी गोष्ट, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. बाबांनी ओटीपी कोणाला सांगितला नाही. त्या फाइलनं त्यांच्या फोनमधले मेसेज चोरून वाचले. अर्जात हे असंच्या असं लिही. बँक मान्य करेलच असं मी म्हणत नाही, निष्काळजीपणाचा मुद्दा ती काढणारच. पण तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला एक रुपया लागत नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन कर.

ठाण्याचं म्हणशील तर, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. यवतमाळचं सायबर ठाणं पुढचा तपास करेल, पण ६८ वर्षांच्या माणसाला त्यासाठी एसटीनं पळवण्याचं कारण नाही. शांतपणे हे कलम सांग. तरीही घेतलं नाही तर तीच तक्रार लेखी करून जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालानं पाठव. कायद्यात तशी सोय आहे.

आणि तो फोन. भाऊ तो स्वतः वापरत असेल तर आत्ता थांबव. फाइल अजून आत आहे. कोणत्या नंबरवरून ती आली, कोणत्या ग्रुपवर, किती वाजता, याचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेव, तो पुरावा आहे. मग सिम काढ, नेट बंद कर. पोलिसांना फोन बघायचा आहे का ते विचारून घेतलं की सगळं पुसून फोन कोरा कर. बँकेचा पिन आणि पासवर्ड दुसऱ्या चांगल्या फोनवरून किंवा शाखेत बसून बदल. आणखी एक बघ, बाबांच्या नंबरवरून हीच फाइल पुढे कोणाला गेली आहे का. या फाइली तशाच पसरतात. ज्याच्याकडून बाबांना आली तो गावातलाच शेजारी असेल, आणि त्यालाही बहुधा माहीत नसेल. त्याच्याशी भांडू नका, त्याला सावध करा.

एवढ्यात बाबांच्या फोनवर कोणीतरी गोड आवाजात म्हणेल, ‘काका, तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फाइलचे अडीच हजार भरा.’ हा दुसरा फटका पहिल्यापाठोपाठ येतो, कारण एकदा फसलेल्यांच्या नंबरांच्या याद्या विकल्या जातात. पोलीस, १९३०, रिझर्व्ह बँक, यांतलं कोणीही पैसे परत देण्यासाठी पैसे मागत नाही. हे आजच घरात सर्वांना सांग.

आता बाबा.

माझ्या आईची गोष्ट सांगते. वाशीम जिल्ह्यातलं आमचं गाव. मी तेव्हा नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. भरदुपारी, सगळे वावरात गेलेले असताना, दोन तरुण दारात आले. भांडी चकाकून देणारी पावडर विकतो म्हणाले. तांब्याचा गडवा घासून लख्ख करून दाखवला. मग पायातली जोडवी घासली. मग म्हणाले, माय, गळ्यातली पोत किती काळवंडली. आईनं काढून दिली. डब्यात हळदीच्या पाण्यात बुडवली, चुलीवर ठेवली, दहा मिनिटांनी उघडा म्हणाले आणि गेले. डब्यात हळद होती.

आईनं हे कोणाला सांगितलं नाही. आजोळच्या लग्नात पोत कुठे आहे असं माझ्या बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, मोडून लेकाच्या फीला दिली. खोटी पोत घालून ती नऊ वर्षं वावरली. नवव्या वर्षी, दवाखान्यात, रात्री माझा हात धरून म्हणाली, ‘बाई, मी येडी ठरली असती व. म्हनून बोलली नाही.’ नऊ वर्षं, लेकी. पोत गेल्याचं मला काही वाटलं नाही. ती नऊ वर्षं एकटीनं ते घेऊन झोपत होती याचं मला आजही रडू येतं.

बाबांचे अकरा दिवस मी तिथून वाचते आहे. त्यांना ९६ हजारांचं दुःख आहेच, पाच एकर कोरडवाहू कापसात ९६ हजार म्हणजे काय ते मी जाणते. पण त्यांनी तोंड उघडलं नाही ते या भीतीनं, की उद्या घरात आपल्या शब्दाला किंमत उरणार नाही. ज्यानं आयुष्यभर चुकाऱ्याचा हिशेब केला, पोरांची लग्नं केली, तो माणूस एका बोटाच्या दाबानं ‘आता यांना काही कळत नाही’ या रांगेत जाऊन बसतो. आणि भाऊ नेमकं तेच बोलला. बाबांची भीती खरी ठरली.

यात व्यवहाराचाही प्रश्न आहे, नुसत्या मायेचा नाही. चोराला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो या गप्प बसण्याचा. पहिल्याच रात्री बाबांनी उठून भावाला हलवलं असतं, ‘अरे, फोन कसातरीच करून रायला, पाय बरं,’ एवढं म्हटलं असतं, तर त्याच तासात १९३० वर फोन गेला असता आणि कदाचित अर्धे पैसे वाचले असते. पुढच्या वेळी काही विचित्र घडलं तर बाबा पहिल्या पाच मिनिटांत सांगतील की अकरा दिवसांनी, हे आज घरात त्यांच्याशी कसं बोललं जातं त्यावर ठरणार आहे. दुसरा कुठलाही उपाय याच्या पुढे जाणारा मला सापडलेला नाही.

म्हणून भावाला माझा निरोप दे. तो वाईट नाही, घाबरलेला आहे. उधारी त्याच्याही डोक्यावर आहे. पण त्यानं एकदा विचार करावा की बाबांनी ती फाइल का उघडली. गेल्या काही वर्षांत सरकारनंच शेतकऱ्याला काय काय सांगितलं? पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर कर. पीएम किसानची केवायसी कर, नाहीतर हप्ता अडकेल. फार्मर आयडी काढ. २०२५ पासून सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी कर. यातलं एकही खोटं नाही. पीएम किसानचे वर्षाचे ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६ हजार, दोन्ही या केवायसीच्या दोरीला लटकलेले. मग तशाच नावाची, तसंच हिरवं चित्र असलेली आणखी एक फाइल ओळखीच्या माणसाकडून ग्रुपवर आली, तर ती उघडायची नाही हे बाबांनी कशावरून ओळखायचं होतं? ते आज्ञाधारक होते, एवढीच त्यांची चूक. शिकलेले लोकही फसतात. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस ‘डिजिटल अटक’ करतो आणि निवृत्त अधिकारी दोन-दोन दिवस घरातल्या घरात कोंडून घेतात. तशी कुठलीही अटक कायद्यात नाही, हे खुद्द पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये देशाला सांगावं लागलं. फोनच्या पलीकडे बसलेले लोक हेच काम दिवसभर करतात, लिहिलेली संहिता समोर ठेवून बोलतात. आपला बाप त्यांच्यापुढे हरला यात त्याची अक्कल काढण्यासारखं काही नाही.

फोन परत द्या. कोरा करून, नीट लावून, पण परत द्या. बाबा त्यावर नातवंडांना बघत असतील, कापसाचा भाव बघत असतील, आत्ता ते सगळं तुटलं. आणि साध्या फोननं धोका जात नाही, साध्या फोनवरही ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारे येतातच.

देताना शेजारी बसून पाच गोष्टी करा, त्यांच्या हातानं. व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल फोनमध्ये ॲप म्हणून बसण्याची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन बंद करा आणि प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट चालू आहे ना ते बघा. फाइलच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ए, पी, के ही तीन अक्षरं असली तर ती यादी नसते, पत्रिका नसते, बिल नसतं, ते ॲप असतं. ती तीन अक्षरं कागदावर मोठी काढून दाखवा, लग्नपत्रिकेच्या नावानंही हे येतं. कुठलंही ॲप मेसेज वाचायची परवानगी मागू लागलं की थांबायचं आणि घरात कोणाला तरी हाक मारायची. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. आणि शेवटचं, फोनच्या मागे कव्हरच्या आत १९३० लिहिलेली चिठ्ठी. डोकं सुन्न झालेलं असताना नंबर आठवत नाही.

पैशांची मांडणीही बदला. याचा उपयोग कुठल्याही शिकवणीपेक्षा जास्त होईल, कारण सावध माणूसही एखाद्या दिवशी दमलेला असतो. बाबांचं आधारला जोडलेलं खातं एकच, त्यातच चुकारा, त्यातच हप्ता, त्यालाच एटीएम आणि त्यालाच यूपीआय. म्हणजे घराचं सगळं धान्य ओसरीवर. पैसा तिथे येणारच, पण तिथेच राहायला हवा असं नाही. बाबांच्याच नावानं दुसरं खातं काढा, पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत. त्याला एटीएम नको, मोबाइल बँकिंग नको, फक्त पासबुक. चुकारा आला की दोन दिवसांत तिकडे वळवायचा. पहिल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरते, चार-पाच हजार. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून मिळते का ते शाखेत विचारा. खातं बाबांचंच राहू द्या, सही बाबांचीच राहू द्या. ‘पैसे माझ्या नावावर टाका, मी सांभाळतो,’ असं पोरगं म्हणालं आणि म्हाताऱ्यानं चष्म्यासाठीही हात पसरला, असेही प्रसंग मी काउंटरवरून पाहिले आहेत. तीही लुबाडणूकच, फक्त तिला १९३० नाही. घरच्यांकडून त्रास होत असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. तुमच्या घरी तिची गरज पडणार नाही अशी माझी खात्री आहे, पण हे सदर इतरही वाचतात.

घरात एक शब्द ठरवा. बैलाचं नाव, शेताच्या तुकड्याचं नाव, काहीही. ‘बाबा, माझा अपघात झाला, लगेच पैसे टाका,’ असा पोराच्याच आवाजात फोन येऊ शकतो, आवाजाची नक्कल आता सहज करता येते. तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही तर फोन ठेवायचा आणि पोराच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावायचा.

आईच्या अंगठ्याचं. तिची धास्ती अगदीच निराधार नाही. मशीनवाला म्हणतो, ‘मावशी, लागला नाही, परत लावा,’ आणि दुसऱ्यांदा लावलेल्या अंगठ्यावर दुसऱ्यांदा पैसे निघतात. प्रत्येक मशीनवाला असा नसतो, गावात बँकेची सोय त्यांच्यामुळेच झाली आहे. आणि बोटांच्या रेषा निंदण-वेचणीनं खरोखरच झिजलेल्या असतात, त्यामुळे परत लावावा लागतोही. म्हणून दरवेळी छापील पावती मागायची, न झालेल्या व्यवहाराचीसुद्धा. पावतीवर उरलेली रक्कम असते, ती बघायची. तिला वाचता येत नसेल तर पावती घरी आणून डब्यात टाकायची आणि महिन्यातून एकदा पासबुकाशी ताडून बघायची. हे काम नातवाला दे. शिवाय आधारचं बायोमेट्रिक कुलूप असतं. आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून ते लावता येतं, पैसे काढायच्या दिवशी थोड्या वेळासाठी उघडता येतं. कुलूप लावलेलं असताना कोणी तिच्या ठशावर पैसे काढू शकत नाही. त्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, तो आधी तपास. अडलं तर १९४७.

बाबांच्या वयाच्या लोकांना गाठणाऱ्या बाकीच्या गोष्टी झरझर सांगते. वावरात मोबाइल टॉवर बसवून महिन्याला भाडं देतो, आधी नोंदणी फी भरा, हे खोटं. टॉवर कंपनी जमीनमालकाकडून पैसे घेत नाही. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्या गुरुजींना फोन येतो, हयातीचा दाखला फोनवरच करून देतो, ओटीपी सांगा. दाखला ओटीपी सांगून होत नाही. पीक विम्याची रक्कम मंजूर झाली, आधी प्रोसेसिंग भरा, असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा आणि १४४४७ या पीक विम्याच्या मदत क्रमांकावर स्वतः विचारा. रस्त्यात दोघं ‘पोलीस आहोत, पुढं खून झाला, दागिने काढून रुमालात बांधा’ म्हणाले तर सरळ जवळच्या दुकानात शिरायचं. आणि गावातल्या तरुणांना सांग, ‘तुझं खातं दोन महिने वापरायला दे, पाच हजार देतो,’ या आमिषाला हो म्हणू नका. बाबांचे ९६ हजार अशाच कुठल्यातरी पोराच्या खात्यातून गेले असणार, आणि पोलीस आधी त्याच पोराच्या दारात जातात.

कृषी केंद्राच्या उधारीचं बाबांना एकट्याला सहन करू देऊ नका. तू आणि भाऊ दोघं बाबांसोबत दुकानदाराकडे जा, झालं ते सरळ सांगा आणि मुदत मागा. गावातला दुकानदार तीस वर्षांचं गिऱ्हाईक ओळखतो. सोबत तक्रारीची प्रत न्या. लपवलं तर उद्या तोच म्हणेल, बुढा टाळून रायला.

आता शेवटचं काम, आणि ते तुलाच करायचं आहे. बँकेत आणि ठाण्यात जाशील तेव्हा बाबांना सोबत ने. बाजाराच्या दिवशी नको, गर्दी असते. सकाळी साडेदहाला, शाखा उघडता उघडता. निघण्याआधी गोठ्यात जाऊन त्यांच्याजवळ बस, घाई करू नको. एवढंच म्हण, ‘बाबा, काय झालं ते तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. तुम्हीच सांगा, मी कागद धरते.’ ते पहिल्यांदा नाही म्हणतील. दुसऱ्या दिवशी परत विचार. साहेबांसमोर बसल्यावर त्यांना सुरुवातीपासून सांगू दे, कापूस कधी विकला तिथपासून. ते अडखळतील, तारखा चुकतील, मध्येच थांबतील. साहेब तुझ्याकडे बघून विचारतील, कारण म्हाताऱ्या माणसाला डावलून पोरांशी बोलायची सवय सगळ्यांना लागलेली असते. तू बाबांकडे बघ. बोलू नको. पिशवीतलं पासबुक काढ आणि त्यांच्या हातात दे.